बाद झालेली रिले: क्लबबदल आणि मधले साठ दिवस

हे प्रकरण अमेरिकेतल्या मास्टर्स जलतरणातले आहे. मास्टर्स म्हणजे नोकरी, घर, गुडघेदुखी सांभाळून स्पर्धेत उतरणारी मोठी माणसे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावे, क्लब आणि माणसांची नावे दिलेली नाहीत, तारखा आणि वेळाही थोड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत. चार जणांची एक मिश्र रिले पहिली आली आणि दुसऱ्या दिवशी निकालातून काढली गेली. यात कुणी खोटे बोलले नव्हते. चौघांपैकी कुणी दुसऱ्याच्या नावावरही पोहले नव्हते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत 18 वर्षे आणि त्यापुढच्या पोहणाऱ्यांचा कारभार 'यूएस मास्टर्स स्विमिंग' ही संस्था पाहते. पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा 1970 साली टेक्सासमधल्या अमरिलोला झाली. आज देशभर 52 स्थानिक समित्या आहेत आणि नोंदणी, निकाल, विक्रम हे सगळे त्यांच्यामार्फत चालते. सदस्य होताना प्रत्येकाने एक क्लब लिहायचा, किंवा 'अनअटॅच्ड' म्हणजे कुठल्याच क्लबचा नाही असे लिहायचे. एकदा सदस्यत्व असले की देशात कुठल्याही मास्टर्स क्लबच्या टँकवर फी भरून सराव करता येतो. म्हणजे सराव एका ठिकाणी आणि नोंदणी दुसऱ्या ठिकाणी, हे नियमाला पूर्ण मान्य आहे. पैशाचा हिशोबही त्यामुळे वेगळा पडतो. प्रशिक्षकाचा पगार आणि लेनचे भाडे निघते ते सरावाच्या मासिक फीतून, आणि निकालपत्रावर क्लबचे नाव येते ते नोंदणीतून. 'मी कुठल्या क्लबची' याची दोन उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. पुढे जो घोळ झाला त्याचे मूळ इथेच आहे.

या प्रकरणातली बटरफ्लायवाली नऊ वर्षे एकाच क्लबमध्ये होती. त्याला इथे जुना क्लब म्हणू. साठेक सदस्य, नगरपालिकेचा 25 यार्डांचा टँक, पहाटे साडेपाचला सराव. नवीन आलेल्यांना फ्लिप टर्न शिकवायचे, स्पर्धेत घड्याळ धरायचे, ही कामे ती न सांगता करायची. जानेवारीत तिची नोकरी बदलली. नवे ऑफिस 70 किलोमीटरवर, त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस ती ऑफिसजवळच्या नव्या क्लबमध्ये पोहू लागली आणि फक्त रविवारी जुन्या टँकवर येऊ लागली. फी ती दोन्हीकडे भरत होती.

दोन्ही क्लबांना तीच का हवी होती, हे कळायला वयोगटाचे गणित पाहावे लागते. यार्डांच्या टँकात रिलेचा वयोगट चौघांतल्या सर्वांत लहान माणसाच्या वयावरून ठरतो: 18 च्या पुढे, 25 च्या पुढे, मग 35, 45, 55 असे. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी जे वय असेल ते धरतात. मीटरच्या टँकात हिशोब वेगळा. तिथे चौघांच्या वयांची बेरीज घेतात (120 ते 159, 160 ते 199, 200 ते 239 वगैरे) आणि वय त्या वर्षाच्या 31 डिसेंबरचे धरतात.

मेडली रिलेत चौघे चार वेगवेगळे स्ट्रोक पोहतात. जुन्या क्लबची मिश्र मेडलीची चौकडी अशी होती: बॅकस्ट्रोकला 52 वर्षांचा पुरुष, तोच रिले कॅप्टन, ब्रेस्टस्ट्रोकला 47 ची बाई, बटरफ्लायला ही 44 ची, फ्रीस्टाइलला 49 चा पुरुष. तिघे पंचेचाळिशीच्या पुढे असूनही हिच्या एका वयामुळे त्यांना 35 च्या गटात पोहावे लागत होते. तिथे समोर 36-37 वर्षांची माणसे, त्यामुळे पदक कधी हाती लागत नसे. 30 मार्चला तिला 45 पूर्ण होणार होती. कॅप्टन त्या तारखेची दोन वर्षे वाट पाहत होता.

नव्या क्लबचीही तीच निकड होती. त्यांच्याकडे पंचेचाळिशीपुढचे तिघे तयार होते, पण बटरफ्लाय जोरात पोहणारी बाई नव्हती. बायकांच्या मेडलीतही तीच जागा रिकामी होती.

नियम

रिलेबाबत तीन गोष्टी पक्क्या आहेत. चौघांची नोंदणी एकाच क्लबची हवी. अनअटॅच्ड माणसाला रिले पोहता येत नाही, वैयक्तिक शर्यती मात्र खुशाल पोहता येतात. आणि एका रिले शर्यतीत एक माणूस एकाच संघातून उतरतो.

चौथा नियम क्लबबदलाचा. एखाद्याने खुल्या स्पर्धेत जुन्या क्लबतर्फे शेवटचे पोहल्यापासून सलग 60 दिवस उलटल्याशिवाय त्याला नव्या क्लबतर्फे उतरता येत नाही. मधल्या काळात तो अनअटॅच्ड असतो. दिवस मोजायचे ते शेवटच्या स्पर्धेपासून, क्लबबदलाचा अर्ज केल्यापासून नव्हे, आणि ही गफलत फार जण करतात. क्लबच्या आतल्या टाइम ट्रायल या मोजणीत येत नाहीत, कारण त्या खुल्या नसतात.

काही राज्यांत जवळजवळ सगळे पोहणारे एकाच मोठ्या प्रादेशिक क्लबमध्ये नोंदवलेले असतात आणि गावोगावचे क्लब हे त्याचे सरावगट असतात. तिथे हे प्रकरण घडलेच नसते, कारण टँक बदलला तरी नोंदणीतला क्लब तोच राहतो. अशा मोठ्या क्लबांपुढे छोटे क्लब गुणतक्त्यात झाकोळून जातात, म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत प्रादेशिक आणि स्थानिक क्लबांचे गुण वेगळे धरले जातात. इथले दोन्ही क्लब मात्र स्वतंत्र होते.

अडचण कशी उभी राहिली

9 फेब्रुवारीला एका दिवसाची स्थानिक स्पर्धा झाली. बटरफ्लायवाली जुन्या क्लबतर्फे दोन वैयक्तिक शर्यती आणि एक रिले पोहली. साठ दिवसांची मोजणी इथून सुरू झाली, पण त्या दिवशी कुणाच्या डोक्यात ते नव्हते.

20 फेब्रुवारीला तिने विभागीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी ऑनलाइन प्रवेशिका भरली. स्पर्धा 5 आणि 6 एप्रिलला होती. प्रवेशिकेत क्लबचे नाव सदस्यत्वाच्या नोंदीतून आपोआप आले, अर्थातच जुन्या क्लबचे.

24 फेब्रुवारीला नव्या क्लबच्या प्रशिक्षिकेने सरावानंतर विषय काढला. एप्रिलअखेर, 24 ते 27 तारखांना, राष्ट्रीय स्पर्धा आहे. तू आमच्याकडून उतरलीस तर दोन रिले उभ्या राहतात. दोन दिवस विचार करून 26 तारखेला तिने क्लबबदलाचा ऑनलाइन अर्ज भरला. नोंदणी कार्यालयातून उत्तर आले की बदल नोंदवला आहे, 10 एप्रिलपर्यंत आपण अनअटॅच्ड, 11 पासून नव्या क्लबच्या. ईमेल चार ओळींचा होता. तो तिने बसमध्ये वाचला आणि त्यातले 11 एप्रिल तेवढे लक्षात ठेवले.

जुन्या क्लबच्या कॅप्टनला तिने कळवले नाही. लपवायचे म्हणून नाही, समोरासमोर सांगू म्हणून. पण मार्चचे दोन रविवार तिला जमले नाही, तिसऱ्या रविवारी कॅप्टन नव्हता आणि चौथ्या रविवारी तिच्या पंचेचाळिशीचा केक कापला गेला. केकसमोर हे कसे सांगायचे?

शुक्रवार, 4 एप्रिलच्या रात्री कॅप्टनचा मेसेज आला: 'उद्या मिक्स्ड मेडली, नेहमीचेच चौघे ना?' तिने लिहिले: 'हो.'

त्या 'हो' मागचा तिचा समज असा होता: 11 एप्रिलपर्यंत मी नव्या क्लबची नाही, म्हणजे तोवर जुन्याच क्लबची. ऐकायला हे अगदी सरळ वाटते आणि ते साफ चुकीचे आहे. मधल्या काळात माणूस दोघांपैकी कुणाचाच नसतो. बदल नोंदवला गेला त्या क्षणी जुनी गाठ सुटते, नवी मात्र साठ दिवसांनी बांधली जाते.

संगणकानेही तिला अडवले नाही. आयोजकांनी प्रवेशिका मुदत संपताच स्पर्धेच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेतल्या होत्या. बहुतेक ठिकाणी हाय-टेकचा मीट मॅनेजर असतो. त्यात तिची नोंद 20 फेब्रुवारीची होती आणि पुढे झालेला बदल त्या यादीत आपोआप येत नाही. रिलेचे कार्ड भरताना क्लबच्या यादीत तिचे नाव दिसले, कॅप्टनने ते निवडले, सॉफ्टवेअरने घेतले. ते फक्त आपल्या पोटातल्या यादीशी ताडून पाहते, त्या दिवशीच्या मूळ नोंदणीशी नाही.

शनिवारी दुपारी रिले झाली. बॅकस्ट्रोक 27.5, ब्रेस्टस्ट्रोक 36.0, बटरफ्लाय 28.9, फ्रीस्टाइल 23.4, एकूण 1:55.8. पंचेचाळिशीच्या गटात पहिला क्रमांक. दुसरा क्रमांक नव्या क्लबचा. पदके काठावरच गळ्यात पडली.

निर्णयाची पहिली जागा: नव्या क्लबची प्रशिक्षिका

प्रशिक्षिका शनिवारी संध्याकाळी घरी मोबाइलवर निकाल पाहत होती. जुन्या क्लबच्या रिलेत तिसरे नाव पाहून ती थबकली. तिच्यासमोर तीन वाटा होत्या.

गप्प बसायचे. प्रादेशिक निकाल पुढे नोंदणीशी ताडले जातात, तेव्हा हे सापडण्याची शक्यता मोठी होती, पण तिच्या तोंडून निघाले असते असे नाही. यात धोका वेगळाच होता. बटरफ्लायवाली 5 एप्रिलला जुन्या क्लबतर्फे पोहली असे निकालपत्र सांगत राहिले असते, आणि कुणी मोजणी पुन्हा त्या दिवसापासून धरली तर साठ दिवस 4 जूनला संपले असते. मग राष्ट्रीय स्पर्धेत तिला घेऊन पोहलेली प्रत्येक रिले हरकतीच्या तोंडी.

थेट पंचप्रमुखाकडे लेखी हरकत द्यायची. नियमाने बरोबर. पण तिचाच संघ दुसरा आलेला. हरकत तिच्या नावावर गेली असती तर 'पदकासाठी केले' हे वाक्य वर्षभर टँकाटँकांवर फिरले असते.

कॅप्टनला आधी सांगायचे. तिने हेच केले. रविवारी सकाळी वॉर्म-अपच्या टँकाच्या टोकाला त्याला गाठले आणि मोबाइलवर सदस्यत्वाची नोंद दाखवली. क्लबच्या जागी 'अनअटॅच्ड' लिहिलेले होते.

तिचे एक मात्र चुकले. फेब्रुवारीत क्लब बदलायला सुचवणारी तीच होती. तेव्हाच 'मधल्या काळात कुठलीच रिले पोहू नकोस' हे एक वाक्य तिने जोडायला हवे होते. प्रशिक्षकाला ही गोष्ट इतकी पाठ असते की समोरच्याला ती नवी आहे हे लक्षात येत नाही.

निर्णयाची दुसरी जागा: कॅप्टन

कॅप्टनकडे पंचवीस मिनिटे होती. अकरा वाजता बायकांची 200 यार्ड फ्रीस्टाइल रिले होती आणि त्या रिलेच्या कार्डावरही बटरफ्लायवालीचेच नाव होते.

आधी त्याने तिला बाजूला घेऊन विचारले. तिने ईमेल उघडून दाखवला, तो वाचताना तिचा चेहरा उतरला. कॅप्टनने वाद घातला नाही. फ्रीस्टाइल रिलेचे कार्ड त्याने परत मागून घेतले, तिच्या जागी 61 वर्षांच्या एका सदस्येचे नाव आणि वय लिहिले, आणि बाकी तिघींना क्रम पुन्हा समजावला. कार्ड दिल्यावरही बदल करता येतो, पण तो शर्यत सुरू होण्याआधी आणि कार्डावरच झाला पाहिजे. काठावर तोंडी ठरवून कार्डापेक्षा वेगळ्या क्रमाने पोहले तर रिले बाद होते, मग चौघांची पात्रता कितीही चोख असो.

मग शनिवारच्या रिलेचा प्रश्न. तिथेही गप्प बसण्याची वाट होती, आणि तिघांपैकी फ्रीस्टाइलवाल्याने ती सुचवलीही: 'कुणी विचारेल तेव्हा बघू.' कॅप्टन स्वतः निकालाच्या टेबलावर गेला, रिलेचा शर्यत क्रमांक सांगितला आणि आमचा एक सदस्य काल अनअटॅच्ड होता, रिले काढा, असे लिहून सही केली. त्यात त्याची स्वतःची 27.5 ही वेळही गेली, आणि गेल्या तीन वर्षांत तो इतका जोरात पोहला नव्हता. लिहून देताना त्याने तिचे नाव न घालता 'क्लबकडून पडताळणी राहिली' असे लिहिले. हे सौजन्य म्हणून ठीक, पण खरेही तेच होते. रिले कार्डावर सही कॅप्टनची असते आणि चौघांची नोंदणी पाहणे हे त्याचेच काम असते.

नव्या क्लबची रिले पहिल्या क्रमांकावर सरकली. कुजबुज व्हायची ती झालीच, पण लेखी कबुली कॅप्टनची असल्याने ती फार टिकली नाही. तीन पदके रविवारीच टेबलावर परत आली. ब्रेस्टस्ट्रोकवाली शनिवारी रात्रीच घरी गेली होती, तिचे पदक दोन आठवड्यांनी टपालाने आले, सोबत चिठ्ठी नव्हती.

निर्णयाची तिसरी जागा: राष्ट्रीय स्पर्धा अठरा दिवसांवर

आता प्रश्न असा: 5 एप्रिलची रिले रद्द झाली खरी, पण बटरफ्लायवाली त्या दिवशी 'जुन्या क्लबतर्फे पोहली' असे धरायचे की नाही? धरले तर राष्ट्रीय स्पर्धेत ती अनअटॅच्ड. न धरले तर 11 पासून मोकळी.

प्रशिक्षिकेने हे फोनवर विचारले नाही. नोंदणी कार्यालयाला ईमेल लिहिला आणि त्यात चार तारखा एकाखाली एक दिल्या: शेवटची वैध स्पर्धा 9 फेब्रुवारी, बदल नोंदवला 26 फेब्रुवारी, अपात्र रिले 5 एप्रिल, क्लबने स्वतः मागे घेतली 6 एप्रिल. सोबत कॅप्टनच्या कबुलीचा फोटो जोडला. सहा दिवसांनी उत्तर आले. बदल नोंदवल्यानंतर ती अनअटॅच्डच होती, त्यामुळे 5 तारखेचे पोहणे कुठल्याच क्लबचे प्रतिनिधित्व ठरत नाही. मोजणी 9 फेब्रुवारीपासूनच. हा कागद प्रशिक्षिकेने छापून राष्ट्रीय स्पर्धेला सोबत नेला. रिले मागे घेण्यात दिरंगाई झाली असती, किंवा ती कुणा तिसऱ्याच्या हरकतीवरून बाद झाली असती, तर हेच उत्तर इतके सरळ आले असते असे वाटत नाही.

नियम मोकळा झाला, पण बटरफ्लायवालीने आपली एक अट घातली. ती नव्या क्लबतर्फे वैयक्तिक शर्यती आणि बायकांची मेडली पोहेल, मिश्र मेडली नाही. त्या शर्यतीत तिचे जुने तिघे शेजारच्या लेनमध्ये असणार होते. प्रशिक्षिकेला हे पटले नाही. राष्ट्रीय स्पर्धेत रिलेला वैयक्तिक शर्यतीच्या दुप्पट गुण असतात आणि मिश्र मेडलीतच त्यांची संधी जास्त होती. तरी तिने ताणले नाही. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता. रिलेत मनाविरुद्ध उभा केलेला माणूस बदलाच्या वेळी अर्धा सेकंद उशिरा सुटतो, आणि तो अर्धा सेकंद कुठल्याच सरावाने भरून निघत नाही.

जुन्या क्लबने काय केले

इथे जरा थांबू, कारण बहुतेक कॅप्टन या ठिकाणी चुकतात. बटरफ्लायवाली गेली की तिच्या जागी दुसरी बटरफ्लायवाली शोधायची, असा हात आपोआप वळतो. क्लबमधल्या 48 वर्षांच्या पर्यायी बाईची बटरफ्लायची वेळ 33.5 होती. तिला सरळ त्या जागी घातले तर बेरीज 27.5, 36.0, 33.5, 23.4 म्हणजे 2:00.4. चार सेकंद सहा दशांशाचे नुकसान.

पण मिश्र रिलेत दोन पुरुष आणि दोन बायका एवढेच बंधन असते, कुणी कुठला स्ट्रोक पोहायचा यावर नसते. फ्रीस्टाइलवाला 50 यार्ड बटरफ्लाय 25.9 मध्ये पोहत होता आणि पर्यायी बाईची फ्रीस्टाइल 28.6 होती. दोघांची अदलाबदल केली की 27.5, 36.0, 25.9, 28.6, म्हणजे 1:58.0. नव्या माणसाशिवाय, नव्या सरावाशिवाय 2.4 सेकंद परत मिळाले. हे गणित कॅप्टनने चौदा जणांच्या चारही स्ट्रोकच्या वेळा एका तक्त्यात मांडून काढले. तक्ता आधीपासून असता तर शनिवारीही त्याच्याकडे दुसरा पर्याय तयार असता.

अदलाबदलीची किंमत एकच. पुरुष बटरफ्लायवरून येताना लाट मोठी उठते आणि त्या लाटेवर सुटणाऱ्या बाईचा अंदाज चुकतो. पहिल्या दोन सरावांत ती तीनदा स्पर्शाआधी सुटली. तिला डोक्याकडे न पाहता शेवटच्या स्ट्रोकच्या हातांकडे पाहायला लावले, मग वेळ जुळली.

निकाल

राष्ट्रीय स्पर्धेत जुन्या क्लबची मिश्र मेडली 1:58.4 मध्ये आली आणि पहिल्या दहात बसली, म्हणजे गुण मिळाले. नव्या क्लबची बायकांची मेडली सहावी. नव्या क्लबची मिश्र मेडली दहाच्या बाहेर राहिली, आणि बटरफ्लायवाली असती तर ती आत आली असती हे वेळा पाहून कुणालाही सांगता येते.

नोंदणी नव्या क्लबमध्येच राहिली. रविवारी ती अजून जुन्या टँकवर येते, फी देते आणि साधी, कुठल्याच क्लबचे नाव नसलेली टोपी घालते. फ्रीस्टाइलवाला महिनाभर तिच्याशी मोजकेच बोलत होता. कॅप्टनचे आणि तिचे बिनसले नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी, कॅलेंडर उलटे मोजायला हवे होते. 24 एप्रिलला नव्या क्लबतर्फे उतरायचे तर जुन्या क्लबतर्फे शेवटची खुली स्पर्धा उशिरात उशिरा 22 फेब्रुवारीला. म्हणजे विभागीय स्पर्धेत जुन्या क्लबची रिले आणि राष्ट्रीय स्पर्धेत नव्या क्लबची, या दोन्ही गोष्टी एकाच वसंतात कधीच शक्य नव्हत्या. तिने निवड जुना क्लब की नवा क्लब अशी मांडली आणि त्यात अवघडून बसली. 'कुठल्या स्पर्धेची रिले' अशी मांडली असती तर जुन्या कॅप्टनशी पाच मिनिटांत बोलणे झाले असते. कदाचित त्यानेच म्हटले असते की यंदा विभागीय आमच्याकडून पोह, कारण 45 चा गट त्याला हवा होता, आणि नोंदणी उन्हाळ्यात बदल.

दुसरे, अर्ज न करताही तिचे सगळे चालले असते. नव्या टँकवर सराव करायला नोंदणी बदलावी लागतच नाही. प्रशिक्षिकेने हा पर्याय तिच्यापुढे ठेवला नव्हता, आणि ठेवणार तरी का?

तिसरे, कॅप्टनचा प्रश्न. 'नेहमीचेच चौघे ना?' याला 'हो' हेच उत्तर येते. जुन्या क्लबच्या रिले कार्डामागे आता एक रकाना छापला आहे: आजच्या तारखेला नोंदणी कुठे. प्रत्येकाने वॉर्म-अपआधी मोबाइलवर आपली सदस्यत्वाची नोंद उघडून कॅप्टनला दाखवायची आणि त्याने रकान्यात खूण करायची. त्याला चौघांची मिळून दीड मिनिटे लागतात. शिवाय आयोजकाने स्पर्धेच्या दोन दिवस आधी नोंदणीची यादी पुन्हा ओढून घ्यावी, असे पत्रही क्लबने समितीला दिले आहे.

भारतातून जाणाऱ्यांसाठी एक जोड. आपल्याकडे राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धेत माणूस राज्यातर्फे उतरतो, त्यामुळे ठाण्याचा, पुण्याचा आणि नागपूरचा मिळून महाराष्ट्राची रिले होते. जागतिक मास्टर्स स्पर्धेत देश किंवा राज्य चालत नाही. रिलेतले चौघे एकाच क्लबमध्ये नोंदवलेले लागतात आणि एका माणसाला एकाच क्लबतर्फे उतरता येते. राज्याच्या संघातली ठरलेली चौकडी तशीच तिकडे उतरवू म्हणणाऱ्यांनी विमानाचे तिकीट काढण्याआधी चौघांच्या क्लबची नावे एका कागदावर लिहून पाहावीत.

उन्हाळ्याचा प्रश्न अजून उरलाच आहे. लाँग कोर्स मीटरमध्ये, म्हणजे 50 मीटरच्या टँकात, नव्या क्लबची मिश्र चौकडी 58, 51, 47 आणि ही 45 अशी आहे, बेरीज 201, म्हणजे 200 ते 239 चा गट. तिच्या जागी 43 ची पर्यायी बाई आली तर बेरीज 199 आणि गट 160 ते 199 चा, तिथे समोर चाळिशीतली माणसे. प्रशिक्षिकेने या वेळी तिला मे महिन्यातच विचारले आहे, आणि उत्तर लेखी मागितले आहे.